त्याला वर्गात घ्या, पण एकटीने नव्हे

प्रश्न : सप्रेम सलाम. मध्य मुंबईतील एका मराठी मंडळीत (चर्चमध्ये) मी संडे स्कूलचा प्राथमिक वर्ग घेते. सहा ते दहा वयाची २२ मुले आणि मी एकटी, असा हा वर्ग आहे. जूनपासून आठ वर्षांचा एक मुलगा येऊ लागला. त्याला ऑटिझम आहे आणि तो फारसा बोलत नाही. गाणी सुरू झाली की तो कानांवर हात ठेवून किंचाळतो, आणि दार उघडे दिसले की पळतो. एकदा तर रस्त्याच्या फाटकापर्यंत पोहोचला होता. एका मुलीच्या दंडाला तो चावला, तेव्हापासून पालकांच्या तक्रारी सुरू झाल्या आहेत. मंडळीतील काही वडीलधारी माणसे त्याच्या डोक्यावर हात ठेवून मोठमोठ्याने प्रार्थना करतात. पाळकसाहेबांनी सुचवले की, त्याने आईबरोबर मागच्या खोलीत बसावे. त्यानंतरचे तीन रविवार ती मायलेकरे आलीच नाहीत. मी बँकेत नोकरी करते, या विषयाचे कोणतेही प्रशिक्षण मला नाही. मी त्याला वर्गात घ्यावे, की आम्हाला जमणार नाही असे प्रामाणिकपणे सांगून टाकावे? नाताळची नाटिकाही जवळ आली आहे. जाता जाता आणखी एक : वर्गातली एक मुलगी वचने तोंडपाठ सुरेख म्हणते, पण शास्त्र (बायबल) उघडून वाचायला सांगितले की रडू लागते. तिच्यासाठी काय करावे?
– एक शिक्षिका

उत्तर :

प्रिय भगिनी, सप्रेम सलाम.

त्याला वर्गात घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि तुम्ही एकटीने घेऊ नये, हेही तितकेच स्पष्ट मत आहे. तुमच्या पत्रात तुम्ही प्रशिक्षण नसल्याची खंत व्यक्त केली आहे, पण पत्र दोनदा वाचल्यावर मला अडचण तेथे दिसली नाही. २२ मुले आणि एक मोठे माणूस हा हिशेबच चुकीचा आहे. विशेष शिक्षणाची पदवी असलेली शिक्षिकासुद्धा त्या खोलीत एकटी असती, तर फळ्याकडे पाठ फिरवून दाराकडे धावण्यातच तिचा तास गेला असता. म्हणून मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचमंडळाकडे मागायचेच असेल तर एक माणूस मागा : दर रविवारी, त्याच वेळी, त्याच मुलासाठी हजर राहणारा एक सोबती. तो कॉलेजात जाणारा तरुण संघातला मुलगा असू शकतो किंवा निवृत्त झालेली एखादी मावशी असू शकते. त्याला ऑटिझमची पुस्तके वाचलेली नसली तरी चालेल. तो वेळेवर येणारा, आवाज न चढवणारा आणि दर आठवड्याला न बदलणारा असावा. दोन माणसे आलटून पालटून ठेवल्यास एकाच्या आजारपणात अडत नाही, पण चारपाच जणांची पाळी लावू नका. या मुलांना नवा चेहरा म्हणजे नव्याने सुरुवात असते.

आजवर हे सोबत्याचे काम कोण करत होते, याचा विचार पंचमंडळाने करावा. ते त्याची आई करत होती. पाळकसाहेबांची सूचना सद्भावनेची होती याबद्दल मला शंका नाही, पण त्या सूचनेचा अर्थ असा झाला की, आठवड्याचे सहा दिवस ज्या बाईने हे काम केले, तिने सातव्या दिवशीही तेच करावे, आणि तेही उपासना ऐकू येणार नाही अशा खोलीत. मागची शांत खोली अवश्य असावी. मूल फार अस्वस्थ झाले तर दहा मिनिटे तेथे बसून यावे आणि परत वर्गात यावे. परंतु जेथून परत यायचे नसते अशी खोली देणे म्हणजे बाहेर काढणेच होय, आणि त्या माउलीला ते बरोबर कळले. तुमची व्यवस्था लागली की नाही हे पाहायचे असेल तर मुलाकडे नव्हे, आईकडे पाहा : उपदेश संपेपर्यंत ती सभागृहात बसू शकली का?

तेव्हा पहिले काम फोनचे. मधल्या वारी, संध्याकाळी, थेरपीची वेळ नसेल असे विचारून भेटायला जा. 'तुम्ही दिसला नाहीत' अशी सुरुवात करू नका. त्यात नकळत जाब असतो. 'तुमच्या मुलाला वर्गात नीट सामावून घ्यायचे आहे आणि ते आम्हाला तुमच्याकडून शिकायचे आहे,' एवढे सांगा, आणि वही पेन्सिल घेऊन बसा. त्याला काय सहन होत नाही, कशाने तो शांत होतो, नको म्हणायचे असेल तेव्हा तो काय करतो, शौचाला जायचे असल्यास कसे सांगतो, कोणता खाऊ चालत नाही, फिट येते का, औषध कोणते आणि केव्हा, हे सारे लिहून घ्या. पळण्याबद्दल विचारताना एक बारीक फरक लक्षात घ्या : तो कशापासून पळतो, की कशाकडे पळतो? आवाजापासून पळणाऱ्या मुलाला आवाज कमी करून थांबवता येते. पण फाटकाबाहेरच्या नळाकडे किंवा पुलावरून दिसणाऱ्या गाडीकडे धावणाऱ्या मुलाला वर्ग कितीही शांत केला तरी थांबवता येत नाही, तेथे दारापाशी माणूसच लागते. पाण्याची ओढ या मुलांपैकी अनेकांना असते, म्हणून आवारात उघडी टाकी किंवा हौद असल्यास तो आजच झाकून घ्या. दाराला कुलूप मात्र लावू नका. आग लागली तर २२ मुले आत अडकतील. सोबत्याची खुर्ची दाराजवळ ठेवली की निम्मे काम होते.

आता गाण्यांविषयी, कारण बिघाड तेथून सुरू होतो असे तुमच्या पत्रावरून दिसते. पुढच्या रविवारी वर्ग सुरू होण्यापूर्वीची पंधरा मिनिटे त्या खोलीत नुसत्या उभ्या राहा आणि कान देऊन ऐका. फरशीवर ओढल्या जाणाऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या, खडखडणारा पंखा, माइक चालू करताना उठणारी शिट्टी, तपासून पाहण्यासाठी वाजवलेला ढोलक, सभागृहातून येणारा कीबोर्ड आणि या सगळ्यावर मात करण्यासाठी चढवलेले आपलेच आवाज. आपला मेंदू यातले बरेचसे गाळून टाकतो. ऑटिझम असलेल्या अनेक मुलांचा मेंदू ते गाळत नाही. सगळे एकाच वेळी, सारख्याच जोराने आत येते. इंद्रियांच्या या तऱ्हेला निदानाच्या निकषांत २०१३ पासून स्थानही मिळाले आहे. म्हणजे तो कानांवर हात ठेवतो तेव्हा तो गाण्याचा अनादर करत नसतो, त्याला खरोखर दुखत असते.

उपाय साधे आहेत. लहान खोलीत माइकची गरज नसते, तो बंद ठेवा. पहिले गाणे वाद्याशिवाय, हलक्या आवाजात घ्या. मुलांच्या मापाचे, आवाज अडवणारे इअरमफ मिळतात. ते आईच्या संमतीने आणून दाराजवळच्या खुंटीवर टांगून ठेवा आणि त्याला घरी घालून पाहू द्या, कारण डोक्यावरचा दाब काहींना आवाजापेक्षाही नकोसा होतो. एवढे करूनही गाणी सोसत नसतील, तर त्याने गाणी संपल्यावर यावे. माझ्या मते त्यात काही कमीपणा नाही. शांतपणे घालवलेली वीस मिनिटे ही किंचाळत काढलेल्या तासापेक्षा केव्हाही बरी, आणि वीसची तीस हळूहळू होतात.

आवाजाच्या खालोखाल त्रास असतो तो पुढे काय होणार हे न कळण्याचा. यासाठी एक चित्रपट्टी करा. वर्गाच्या दाराचा, त्याच्या खुर्चीचा, गाणाऱ्या मुलांचा, गोष्ट सांगताना तुमचा, रंगपेटीचा, खाऊच्या डब्याचा आणि शेवटी त्याच्या आईचा असे सात फोटो मोबाइलवर काढून छापून घ्या. वीतभर रुंदीच्या जाड पुठ्ठ्यावर ते वेल्क्रोने ओळीने चिकटवा आणि पुठ्ठ्याच्या टोकाला एक पाकीट लावा. जी गोष्ट उरकली तिचा फोटो त्यानेच काढायचा आणि पाकिटात टाकायचा. पट्टीवर आईचा फोटो शेवटी दिसतो आहे, तो कोठेही गेलेला नाही, ही खात्री त्याला दर मिनिटाला हवी असते. लोकलच्या मेगाब्लॉकमुळे ती दोघे उशिरा पोहोचली, तर दाराशीच सोबत्याने त्याच्यासमोर आधीचे फोटो काढून पाकिटात टाकावेत आणि जेथे वर्ग असेल तेथून त्याने सुरुवात करावी. त्याच्यासाठी गाणी पुन्हा सुरू करू नयेत, त्याला ओरडून घाईने आत ओढूही नये. अंदाज असा आहे की, दोनतीन रविवारांत वर्गातली इतर धाकटी मुलेही ती पट्टी बघून 'आता खाऊ किती वेळाने' हे तुम्हाला विचारायचे थांबतील.

चावण्याचा प्रसंग लहान नाही, आणि तो झाकू नये. ज्या मुलीला चावा बसला तिच्या आईवडिलांना त्याच दिवशी, तुमच्या तोंडून सारे कळायला हवे होते. ते झाले नसेल तर आता जाऊन बोला. यापुढे एक वही ठेवा आणि प्रत्येक प्रसंगाच्या आधी काय घडले, काय झाले आणि नंतर कोणी काय केले, हे तीन रकान्यांत लिहा. चारपाच नोंदी झाल्या की बहुधा पहिल्या रकान्यातच उत्तर सापडते : कोणी त्याचा रंगखडू ओढून घेतला, कोणी मागून मिठी मारली, किंवा खाऊची वेळ लांबली. तो अगदीच आवरेनासा झाला तर बोलणे कमी करा, माणसे कमी करा, जमल्यास दिवा मालवा, इतर मुलांना दुसऱ्या कोपऱ्यात न्या आणि थांबा. हट्टापुढे लाच चालते, हे तसे नसते. त्या अवस्थेत चॉकलेट दाखवणे आणि रागावणे दोन्ही सारखेच निरुपयोगी आहे. मनगट धरून ओढू नका. मोबाइलवर चित्रण करणाऱ्याला मात्र जरूर ओरडा.

वर्गातल्या मुलांना सांगायचे ते आईची परवानगी घेऊन, दोन वाक्यांत सांगा : त्याचे कान आपल्यापेक्षा जास्त ऐकतात, आणि तो तोंडाने कमी व हातांनी जास्त बोलतो. मुलांना एवढे पुरते. त्याच्या शेजारी बसायला एखादा मित्र जरूर ठरवा, पण एक इशारा देतो. अशा वेळी वर्गातली सर्वांत समजूतदार मुलगी हेरून तिला त्याची आया करण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे. ती नऊ वर्षांची आहे, तीही संडे स्कूललाच आलेली आहे.

तक्रार करणाऱ्या पालकांना एकत्र बोलावून प्रवचन देऊ नका. सोबती नेमला, दाराशी माणूस बसवला, वही ठेवली, एवढे प्रत्यक्ष सांगा. 'आमच्या मुलांचे शिक्षण बुडते' या तक्रारीत तथ्य होते, कारण तुमचा अर्धा तास खरोखरच दाराकडे धावण्यात जात होता. व्यवस्था लागल्यावर तक्रार उरली, तर ती कशाबद्दल आहे हे आपोआप उघड होईल. पंचमंडळात कोणी 'चर्च म्हणजे स्पेशल स्कूल नव्हे' असे म्हणालेच, तर त्यांना आपल्याच इतिहासाची आठवण करून द्या. अंध मुलांसाठी मुंबईत १९०० साली मिशनरी मिस मिलार्ड यांनी शाळा काढली ती अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयाने, आणि पुढे तिचे नाव दादरशी जोडले गेले. बहिऱ्या मुलांसाठी माझगावला शाळा निघाली ती १८८०च्या दशकात, कॅथलिक बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांची कन्या मनोरमा अंध स्त्रियांना ब्रेल शिकवत असे. ज्यांनी शंभर वर्षांपूर्वी इमारती उभारल्या त्यांच्या वारसांकडे आपण एक खुर्ची आणि एक माणूस मागत आहोत.

प्रार्थनेचा मुद्दा नाजूक आहे, म्हणून तो तुम्ही एकटीने न हाताळता पाळकसाहेबांकडून वेदीवरून सांगवून घ्यावा. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांधाकडे बोट दाखवून पाप कोणाचे, याचे की आईबापांचे, असे विचारतात आणि प्रभू दोन्ही पर्याय फेटाळतो. तरीही आपल्या मंडळ्यांत तो प्रश्न आडून आडून दर रविवारी विचारला जातो. 'गरोदरपणी काही झाले होते का', 'घरात कोणी काही केले आहे का' ही त्याचीच रूपे. ऑटिझम हे मेंदूच्या जडणघडणीतले वेगळेपण आहे. ते आईच्या वागण्याने होत नाही, लसीमुळे होत नाही आणि ते भूतबाधाही नव्हे. आईबापांच्या संमतीने, हलक्या आवाजात, हात न लावता केलेल्या प्रार्थनेला माझी काहीच हरकत नाही. परंतु ज्याला स्पर्श आणि आवाज हेच सोसत नाही, त्याच्या डोक्यावर चार हात ठेवून गरजणे हा त्याच्यावर अत्याचार आहे, मग हेतू कितीही पवित्र असो.

यातच एक धोक्याची गोष्ट येते. ऑटिझम असलेल्या मुलांत अपस्माराचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त असते, आणि 'विश्वास ठेवा, औषध सोडा' असा सल्ला ऐकून फिटचे औषध एकाएकी बंद केले तर जिवावर बेतणारी, न थांबणारी फिट येऊ शकते. असा सल्ला देणारा कोणीही असो, त्याला तेथल्या तेथे थांबवायला हवे. फिट आलीच तर मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही द्या, घड्याळ बघा. तोंडात चमचा घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ला फोन करा.

सुरक्षिततेची आणखी एक बाब कोणाला अवघड वाटली तरी लिहितो. जे मूल बोलत नाही, ते आपल्याला काय झाले हे सांगू शकत नाही. म्हणून सोबती कितीही विश्वासातला असला तरी तो मुलाबरोबर बंद दाराआड एकटा राहणार नाही, आणि शौचालयात कोणी न्यायचे हे आई ठरवील, असा नियम पहिल्या दिवशीच लेखी करा. मुलांच्या लैंगिक शोषणाचा संशय आला तरी पोलिसांना कळवणे २०१२च्या पोक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. मंडळीच्या अब्रूसाठी प्रकरण आपसांत मिटवणे हा गुन्हा ठरतो. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक वर्गाच्या भिंतीवर लावून ठेवा.

तुमच्या दुसऱ्या विद्यार्थिनीबद्दल थोडक्यात. ऐकून पाठ होते पण अक्षरे वाचता येत नाहीत, हे आळसाचे लक्षण नसून बहुतेकदा अध्ययन अक्षमतेचे असते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ऑटिझमप्रमाणे तिचाही समावेश आहे, आणि महाराष्ट्रात अशा मुलांना शालेय परीक्षांत सवलती १९९६ पासून मिळत आल्या आहेत. निदान तुम्ही करू नका. सर्वांसमोर मोठ्याने वाचायला लावणे एवढे आजपासून बंद करा, आणि आईला एकांतात सुचवा की शाळेशी बोलून तपासणी करून घ्यावी. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात ही तपासणी होते. वर्गात तिला वचन म्हणण्याचा मान द्या. ती ते सुरेख म्हणते, असे तुम्हीच लिहिले आहे.

नाटिकेत मुलाला घ्यावे का, याचे उत्तर आईला आणि शक्य तितके त्यालाच विचारून ठरवा. केवळ प्रेक्षकांचे डोळे पाणावावेत म्हणून त्याला मंचावर आणू नका. घ्यायचे ठरले तर काम लहान, ठरलेले आणि त्याला आवडणारे असावे, जसे की विशिष्ट खुणेला दिव्याचे बटण दाबणे. मेंढपाळ करणार असाल तर सॅटिनचा जरीकाठी झगा नको, त्याचा रोजचा सुती सदराच चालेल. सभागृह रिकामे असताना दोन तालमी करून घ्या. ऐन दिवशी त्याने नकार दिला तर त्याच्या वाटणीचे बटण सोबत्याने दाबावे आणि कोणी हळहळू नये.

राहिला तुमचा मूळ प्रश्न, जमणार नाही असे सांगण्याचा. एखाद्या रविवारी ते खरोखर जमणार नाही : सोबती आजारी पडेल, किंवा तुम्हाला बँकेच्या कामामुळे सुट्टी घ्यावी लागेल. त्या वेळी आईला शनिवारी संध्याकाळीच फोन करून तसे सांगा आणि पुढच्या रविवारी कोण हजर असेल हेही त्याच फोनवर कळवा, म्हणजे मुलाला तयार करून, गाडी बदलून, फाटकापर्यंत आल्यावर तिला ते ऐकावे लागणार नाही.